व्हिएतनामी-थाई रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदाच जाताय? मग फोपासून सुरुवात करा

पहिल्याच दिवशी अख्खं मेनूकार्ड पालथं घालू नका. दोघं-तिघं मिळून जा, दोन-तीन पदार्थ मागवा आणि वाटून खा.

माझं ऐकाल तर व्हिएतनामचा फो, म्हणजे नूडल्स घातलेलं सूप, आधी घ्या. वाडगा समोर आला की लगेच लिंबू पिळू नका, सॉसही ओतू नका. आधी नुसतं सूप दोन चमचे प्या. हाडं कित्येक तास मंद आचेवर उकळून, त्यात चक्रीफूल, दालचिनी घालून ते केलेलं असतं. ती चव एकदा कळली की मग सोबतच्या ताटलीतली तुळशीची पानं हाताने तोडून टाका, मुगाचे मोड घाला, शेवटी लिंबू. प्रत्येक घासाला चव बदलत जाते, मला तर यातच खरी मजा वाटते.

तोम यम या आंबट-तिखट थाई सुपात गवती चहाचे दांडे, गलांगलच्या (आल्यासारख्या कंदाच्या) चकत्या आणि लिंबाची जाड पानं तरंगतात. ती वासापुरती असतात, चावत बसू नका, बाजूला काढा. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड, मागवताना 'तिखट कमी' असं स्पष्ट सांगा. त्यातली छोटी मिरची जबरदस्त असते.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. फिश सॉस आणि सुक्या कोळंबीची पेस्ट भाजीच्या करीतही असते, नेमकं नाव घेऊन विचारा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर बसल्याबसल्याच सांगा.

आणि चॉपस्टिक जमत नसतील तर खुशाल चमचा मागा. थायलंडमध्ये भात सहसा चमच्या-काट्यानेच खातात.