बीपीच्या गोळीऐवजी रोज डार्क चॉकलेट खाल्लं तर चालतं का? किती खावं?

नाही चालत. तुमच्या प्रश्नातला ‘गोळीऐवजी’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आमच्या दादाने कुठेतरी वाचलं की पनामाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरच्या कुना लोकांचं बीपी म्हातारपणीही वाढत नाही, कारण ते रोज कपावर कप कोको पितात. गोष्ट खोटी नाही, हार्वर्डच्या नॉर्मन होलेनबर्ग यांनी त्यांच्यावर बरंच काम केलंय. पण त्यांचा कोको फारशी प्रक्रिया न केलेला असतो, जेवणात मासे आणि फळं भरपूर असतात, हे दादाने सोयीस्करपणे सोडून दिलं. फ्रिजच्या दारात सहा बार रचून ठेवले आणि आईला सांगितलं, रोज रात्री एक चौकोन खा, गोळ्यांची सवय बरी नाही.

थोरल्याचा शब्द आमच्या आईला प्रमाण. कडू तिला अजिबात सोसत नाही. तोंड वाकडं करून ती चौकोन चघळायची आणि वर चमचाभर साखर तोंडात टाकायची! महिन्याभराने मी गेले तेव्हा सहज तिचा औषधांचा डबा उघडला. पंधरा गोळ्यांच्या पट्टीतल्या चारच फोडलेल्या. मशीन लावलं, तर १७६ वर १०२. दादाला फोन केला तर म्हणतो, “अगं, ७० टक्क्यांवालं आणलं ना, तिथेच चुकलं. ८५वालं आणायला हवं होतं.”

त्या रात्री भिंग घेऊन वेष्टनाची मागची बाजू वाचली. साखर दुसऱ्या क्रमांकावर आणि शेवटी बारीक अक्षरात ‘आम्लता नियंत्रक ५०१’. म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली की कडूपणा उतरतो, रंग छान गडद होतो आणि ज्या फ्लॅव्हनॉलसाठी (कोकोतलं, रक्तवाहिन्या सैल करणारं द्रव्य) हा सगळा खटाटोप, त्यातलं बरंचसं नष्ट होतं. तेव्हा काळं दिसतंय म्हणजे गुणकारी, असं काही नसतं. टक्क्यांचंही तेच. ७० टक्के म्हणजे कोकोचा गर आणि कोको बटर मिळून ७०. त्यात फ्लॅव्हनॉल किती उरलं ते वेष्टनावर सहसा नसतंच.

आता आकडे. २०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने कोकोच्या ३५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. वरचं बीपी सरासरी दोन अंकांनीही उतरलं नव्हतं, तेही रोज सरासरी ६७० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल पोटात जाऊन. मग २०२२ साली अमेरिकेतल्या २१ हजारांहून जास्त वयस्कर लोकांवरची चाचणी आली. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. दादाने मला नेमका तेवढाच आकडा पाठवला. त्या लोकांना कोको अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, चॉकलेट नव्हे, हे त्याला कोण सांगणार? मीच सांगितलं. दोनदा.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, आईचं बीपी उतरलं. दादाच्या मते तो चॉकलेटचा उशिरा आलेला गुण.

किती खावं म्हणाल तर आवडत असेल तर दहा-वीस ग्रॅम, गोळी चालू ठेवून. आवडत नसेल तर औषध म्हणून गिळू नका. १०० ग्रॅममागे ६०० च्या आसपास कॅलरी असतात. कोको पावडर घेणार असाल तर अल्कली न लावलेली घ्या.

हो, आणि मी डॉक्टर नाही. दादाच्या बाजूचंही एक सांगते : ज्यांचं बीपी मुळातच जास्त होतं, त्यांचं कॉक्रेनच्या त्या ३५ चाचण्यांत सरासरी चार अंकांनी उतरलं होतं. मुतखड्याचा त्रास असेल तर जपून, कोकोत ऑक्झलेट (ज्यापासून बरेचसे मुतखडे बनतात) बरंच असतं. काही डार्क चॉकलेटांत शिसं आणि कॅडमियम हे घातक धातूही सापडलेत, त्यामुळे रोज एकाच ब्रँडचं नको.

परवा दादाला २०१५ सालचं एक प्रकरण पाठवलं. एका पत्रकाराने मुद्दाम जेमतेम पंधरा माणसांवर थातुरमातुर प्रयोग करून ‘चॉकलेटने वजन घटतं’ असं छापून आणलं आणि देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. दादाचा रिप्लाय दोन मिनिटांत आला : “बघ, वजनपण घटतं.”