नवी गाय दावणीला बांधण्याआधी

भाऊ, दहा संकरित गाई एकदम आणतोयस, तर आधी क्षयाची तपासणी करून घे. २०१८ साली देशभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात सुमारे ७.३ टक्के जनावरं बाधित असल्याचा अंदाज आहे. बाधित गाय कित्येक महिने धडधाकट दिसते, दूधही देते. खोकला आणि खंगणं फार उशिरा येतं. त्यामुळे कास बघून सौदा करू नकोस. डॉक्टरांकडून मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन (क्षय तपासायचं द्रव्य) टोचून घे, ७२ तासांनी ते कातडीची जाडी मोजतील. नुकत्याच व्यालेल्या गाईत चाचणी फसवी निगेटिव्ह येऊ शकते. दोन महिने तिला वेगळी बांध, मग पुन्हा तपास.

जंतू मुख्यतः श्वासातून पसरतात, म्हणून कोंदट, दाटीचा गोठा सगळ्यात वाईट. मुक्त संचार गोठाच कर, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या फिरतील असा, हा माझा आग्रह आहे. वासरांना मात्र दुधातूनही लागण होते.

पॉझिटिव्ह निघाली तर औषधाच्या मागे लागू नकोस आणि कृपा करून बाजारात नेऊ नकोस, दुसऱ्याचा गोठा बुडेल. आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा ती कायमची वेगळीच सांभाळावी लागते. घरात लेकरं आहेत ना? धारोष्ण दूध बंद, उकळूनच द्या.