सीझन संपला की फ्लॅट रिकामाच, रेट पाडू का?

प्रश्न : छोट्या शहरात एक फ्लॅट आहे, दिवसांच्या भाड्याने देतो. सुट्ट्यांमध्ये फुल असतो, नंतर महिना महिना शुकशुकाट. ऑक्युपन्सी, म्हणजे किती टक्के रात्री भरल्या ते, ४० टक्क्यांवर जातच नाही, रेट निम्मा करू का?

उत्तर : आधी ते ४० टक्के कसे काढलेत ते बघा. ३० रात्रींपैकी ५ तुम्ही स्वतःच्या पाहुण्यांसाठी ब्लॉक केल्या आणि १० बुक झाल्या तर भागायचं २५ ने, ३० ने नाही. आता रेट निम्मा केला तर त्याच पैशांसाठी १० ऐवजी २० रात्री भराव्या लागतील, वर साफसफाई, चादरी धुणं, लाईट बिल सगळं वाढणार ते वेगळंच, आणि मुळात ऑफ सीझनला फिरायला येणारेच कमी असतात, स्वस्त केलं म्हणून कोण उगाच येतंय! त्यापेक्षा गिऱ्हाईक बदला. बदली झालेले, पेशंटचे नातेवाईक, साईटवर आलेले इंजिनिअर, यांना दोन-तीन आठवड्यांची जागा हवी असते, त्यांना घसघशीत सूट द्या, कारण मध्ये रोजची आवराआवर नाही.

आणखी एक, कॅलेंडर उघडून बघा. किमान दोन रात्रींची अट असेल आणि शनिवारचा पाहुणा रविवारी सकाळी गेला, पुढचा सोमवारी येणार, तर रविवारची रात्र कोणाला घेताच येत नाही, तेवढ्यापुरती अट काढा. सीझनमध्ये मात्र अट ठेवाच, आणि तारखा फार आधीच भरत असतील तर रेट कमी लावलाय समजा.