सह्याद्री एक्स्प्रेस बंद का झाली?

मुंबई-कोल्हापूर सह्याद्री एक्स्प्रेस (११०२३/११०२४) मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. नंतर महालक्ष्मी, कोयना या गाड्या सुरू झाल्या, सह्याद्री मात्र मागेच राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती परत आली, पण विशेष गाडी म्हणून आणि फक्त पुणे-कोल्हापूर. सीएसएमटीवर फलाट लांब करण्याचं काम सुरू असल्यामुळे मुंबईपर्यंत सोडता येत नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं.

तिची वेळ फार सोयीची होती. सायंकाळी सहाच्या आसपास सीएसएमटीहून निघायची. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिनं जोडेपर्यंत खिडकीतून गरम वडापाव हातात यायचा. लोणावळ्याला ती इंजिनं सुटली की रात्रीचा प्रवास सुरू. कराड, सांगली, मिरज करत उजाडायच्या सुमारास कोल्हापूर! पुण्याहून रात्री चढणाऱ्यांना तर ही हक्काची गाडी, म्हणून निदान पुण्यापासून तरी ती सुरू झाली हे बरंच झालं. पण मुंबईत उपचारांसाठी किंवा मंत्रालयातल्या कामासाठी येणाऱ्या सांगली-कोल्हापूरकरांना पुण्यात गाडी बदलायला लावणं मला मुळीच पटत नाही.