इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या सार्वजनिक हवाई हल्ला निवाऱ्याचा इतिहास काय आहे?

मँचेस्टरच्या दक्षिणेस असलेल्या स्टॉकपोर्टमधील हा निवारा विटांनी बांधलेला नसून लाल वालुकाश्माच्या कड्यात खोदलेल्या बोगद्यांचा आहे. तो दगड मऊ असल्यामुळे खोदकाम तुलनेने सोपे होते. १९३८ मध्ये काम सुरू झाले आणि युद्ध पेटल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २८ ऑक्टोबर १९३९ रोजी, चेस्टरगेट येथील बोगदे नागरिकांसाठी खुले झाले. आरंभी तेथे सुमारे ३,८५० लोकांची सोय होती. पुढे विस्तार करून ती ६,५०० पर्यंत नेण्यात आली.

क्षमतेपेक्षा मला तेथील व्यवस्था अधिक उल्लेखनीय वाटते. विजेचे दिवे, बसण्यासाठी बाके, एकावर एक रचलेल्या झोपण्याच्या खाटा, शौचालये, प्रथमोपचार कक्ष आणि उपाहारगृह अशा सोयी असल्यामुळे, घरामागच्या अंगणात पत्र्याच्या अरुंद निवाऱ्यात रात्र काढण्यापेक्षा अनेकांना येथे येणे बरे वाटे, आणि मँचेस्टरहूनही माणसे मुक्कामाला येत. लोकांनी त्याला गमतीने ‘चेस्टरगेट हॉटेल’ असे नाव दिले होते, यात नवल नाही. युद्धानंतर बोगद्यांचा हा उपयोग संपला. १९९६ मध्ये त्यांचा काही भाग संग्रहालय म्हणून खुला करण्यात आला.