ऐवजी नव्हे, सोबत

प्रिय मुली,

काल फोनवर म्हणालीस, "मावशी, आंबट सोडलंय, पहाटे तासभर चालते, हळदीचं दूध घेते. आता गोळी बंद करून बघू का?" रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हे माझंच जुनं वाक्य.

बंद करू नकोस.

आपल्या आमवाताच्या या गोळीला, मेथोट्रेक्झेटला, गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. दीड महिन्यातच माझा धीर सुटला. त्यात शेजारीण म्हणाली, ही कॅन्सरची गोळी. (असते, पण आपला डोस कितीतरी कमी, तोही आठवड्यातून एकदाच.) मी गोळी बंद केली, दही-चिंच सोडली, सूर्यनमस्कार धरले आणि बरं वाटलं की गं! तिथेच फसले. हा आमवात आपला आपणही चढतो, उतरतो. दीड वर्षाने एक्स-रेत हाडांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या. आता बोटं करंगळीकडे कलली आहेत, भाकरी थापता येत नाही.

तू विचारशील, मग सोडलीस कशाला? सासऱ्यांचं आजारपण, शाळेची नोकरी, तालुक्याला संधिवाताचा डॉक्टर नाही. कारणं खरी होती. गोळ्या मात्र कपाटातच होत्या.

म्हणून काही चालणं सोडू नकोस हं. व्यायामाने सांधे झिजत नाहीत, उलट स्नायू त्यांना धरून ठेवतात. या आजारात हृदयालाही धोका वाढतो, त्यासाठी तर चालायलाच हवं. पण सोबत. ऐवजी नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०२१ च्या शिफारशीही हेच सांगतात: चांगल्या सवयी औषधाला पूरक, पर्याय नव्हेत.

आणि ती सिगरेट. मला माहीत आहे, तुझ्या आईला बोलले नाही. सिगरेटने हा आजार जडायची शक्यता वाढते, औषधाचा गुणही कमी येतो. चिंचेला शिक्षा आणि सिगरेटला माफी, हा कुठला न्याय? दारूचंही तेच, या गोळीसोबत यकृतावर ताण येतो. मुलाबाळाचा विचार मनात आला तर मात्र आधी डॉक्टरांना सांग. गरोदरपणात ही गोळी चालत नाही, ते दुसरं औषध देतात. त्यांनी बदललं तर बदल. आपण होऊन नाही. सोबत, ऐवजी नाही; किती वेळा लिहू?

तुझी गोळी सोमवारची ना? फॉलिक ॲसिड लिहून दिलंय त्याच वारी घे. रक्ताचा रिपोर्ट आला की मला फोटो पाठव, जरा जवळून काढ, मागचा वाचताच आला नाही.

तुझी,
मावशी