मॅक, विंडोज की लिनक्स : माझी आवड आणि तुमच्या घरची गरज

तुमचा प्रश्न मला असा समजला. २०१६ साली घेतलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, मुलगी अकरावीत आहे, वडील निवृत्तीनंतर मराठीत लिहितात आणि त्यांचे बरेचसे जुने लेखन श्रीलिपी या मराठी लिहिण्याच्या पॅकेजात साठवलेले आहे. मेहुणे मॅकबुक घ्या म्हणतात, कार्यालयातले सहकारी जुन्यावरच विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाका म्हणतात, आणि आम्ही स्वतः काय वापरतो हेही तुम्ही विचारले आहे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. मी लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती वापरतो, मला ती मनापासून आवडते, आणि तरीही तुमच्या घरासाठी पहिली निवड म्हणून मी ती सुचवणार नाही.

संगणकाच्या बाबतीत आवड बहुतेक वेळा बोटांना लागलेल्या सवयीतून येते. मॅकवर कॉपी करायला कमांड-सी लागते, खिडकी बंद केली तरी प्रोग्राम चालूच राहतो, आणि फाइल निवडून रिटर्न दाबले की ती उघडत नाही, तिचे नाव बदलायची सोय पुढे येते. विंडोजवर वाढलेल्या माणसाला हे सगळे उलटे वाटते, आणि मॅकवाल्याला विंडोजवर बसवले की तोही तितकाच वैतागतो. १९८४ च्या मॅकिंटॉशने मेनू पडद्याच्या माथ्यावर ठेवला आणि विंडोज ९५ ने स्टार्ट बटण खाली आणून ठेवले. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. आपल्याकडे सायबर कॅफे, एमएस-सीआयटीचे वर्ग आणि सरकारी कार्यालये यांमुळे संगणक म्हणजे विंडोज असे समीकरण झाले, तर पेजमेकर हे पानजुळणीचे पॅकेज १९८५ मध्ये आधी मॅकवरच आल्यामुळे छपाई आणि जाहिरातीच्या धंद्यात मॅकचा मान टिकून राहिला. पुढे ॲपलने २००६ ते २००९ या काळात मॅक आणि पीसी यांना दोन माणसांच्या रूपात समोरासमोर उभे करणाऱ्या जाहिराती चालवल्या. कोणता संगणक वापरता यावरून तुम्ही कोण हे ठरवण्याची हौस त्याआधीही होती, पण तेव्हापासून ती फारच बोकाळली असे माझे मत आहे. मेहुण्यांचा सल्ला वाईट नाही. तो त्यांच्या बोटांना आणि त्यांच्या कामाला योग्य आहे, इतकेच.

तुमच्या घरात निर्णायक ठरायला हवे ते वडिलांचे जुने लेखन. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी काय किंवा सी-डॅकचे आयएसएम काय, या पॅकेजांच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसतोच. फॉन्ट असेपर्यंत तो मराठी दिसतो आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरे व चिन्हांचा चिवडा समोर येतो. शिवाय अशा अनेक पॅकेजांना यूएसबी किंवा प्रिंटरच्या पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉक लागत असे, आणि त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोजसाठी लिहिलेला असे. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पच्या साहाय्याने विंडोज टाकता येत होते, परंतु २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर ती सोय नाही. तिथे आभासी यंत्रात (म्हणजे मॅकच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात) विंडोजची एआरएम प्रकारच्या चिपसाठीची आवृत्ती चालते, आणि तिच्यावर साधे जुने प्रोग्राम चालले तरी जुने ड्रायव्हर चालत नाहीत. म्हणजे मॅक घेतल्यास वडिलांचे पॅकेज तिथे चालेल, अशी आशा धरू नका. लिनक्सवरही वाइन या विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाच्या आधारे काही जुने प्रोग्राम चालतात, पण लॉक असेल तर त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

नव्याने मराठी लिहिण्याचा प्रश्न मात्र आता तिन्हीकडे सुटलेला आहे, आणि ‘मराठीसाठी विंडोजच हवे’ हा सल्ला जुना झाला आहे. विंडोज २००० पासून मंगल हा देवनागरी फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाणित कळफलक सोबतच मिळू लागले; २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या सुधारणेपासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही आला. मॅकमध्ये कोहिनूर देवनागरी हा, माझ्या मते, तिघांतला सर्वांत देखणा फॉन्ट आधीच बसवलेला असतो. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन या टंकलेखनाच्या साधनांच्या साहाय्याने इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी दोन्ही पद्धती वापरता येतात. फक्त लिबरऑफिस या मोफत ऑफिस-पॅकेजात देवनागरीचा फॉन्ट आणि भाषा वेगळ्या रकान्यात ठरवावी लागते, आणि ते न केल्यामुळेच बरेच लोक ‘फॉन्ट बदलत नाही’ म्हणून तक्रार करतात. अक्षरे जुळवणारी यंत्रणा तिन्हीकडे वेगळी असल्याने एकाच मजकुराची ठेवण थोडी निराळी दिसू शकते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर फॉन्टमध्ये ती सोय असावी लागते आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असावी लागते. अन्यथा हिंदी वळणाची अक्षरे दिसण्याची शक्यता असते. वडिलांना हे खटकणार हे मी पैजेवर सांगतो. छापखान्याकडे किंवा संपादकाकडे मजकूर पाठवताना सोबत पीडीएफ जोडली की हा वाद संपतो.

मॅकबद्दल बोलायचे तर एम१ चिपपासून त्याच्या यंत्रांनी बॅटरी आणि शांतता या दोन बाबतींत स्पर्धकांना मागे टाकले, हे लिनक्सवाला असूनही मी मान्य करतो. मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. परंतु त्यातील मेमरी नंतर वाढवता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पर्यंत एअरच्या मूळ मॉडेलमध्ये ८ जीबीच मेमरी असे, म्हणून जुन्या बाजारातला स्वस्त मॅकबुक पाहताना हा आकडा आधी तपासा. इंटेलचा मॅक तर घेऊच नका, कारण २०२५ मध्ये आलेली टाहो ही मॅकच्या कार्यप्रणालीची त्या यंत्रांसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने स्वतःच जाहीर केले आहे.

मुलीचे शिक्षण हा दुसरा मुद्दा. पायथन किंवा सी++ कुठेही शिकता येते. वाणिज्य शाखा असेल तर टॅली ही हिशेबाची प्रणाली येईल आणि ती विंडोजची आहे. पुढे अभियांत्रिकीकडे वळली तर सॉलिडवर्क्ससारखी यंत्रभागांच्या आराखड्यांची पॅकेजेही विंडोजवरच चालतात. तिला अजून दिशा ठरवायची असताना दारे उघडी ठेवणारे यंत्र घ्यावे, म्हणून माझा सल्ला असा की १६ जीबी मेमरीचा, शक्य असल्यास मेमरी वाढवता येणारा, मध्यम किमतीचा विंडोज ११ चा लॅपटॉप घ्या. कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या गावात तिचे दुरुस्ती केंद्र आहे का, हे पाहा. रंगीत कळफलक आणि गेमिंगची अक्षरे असलेल्या मॉडेलांकडे मुलीचे मन ओढेल. त्याबाबतीत मी मध्ये पडत नाही.

आता जुना लॅपटॉप. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असल्यास आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. तेव्हा तुमचे यंत्र बाद ठरते ते वयामुळे, बिघाडामुळे नव्हे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका. पण सहकाऱ्यांचे ऐकून आज लगेच त्यावर लिनक्सही टाकू नका, कारण वडिलांचे पॅकेज आणि त्याचे लॉक ज्या एकमेव यंत्रावर चालते ते बहुधा हेच आहे. इंटरनेट तोडून ते जसेच्या तसे ठेवा. वडिलांच्या सगळ्या फायलींची प्रत एक्सफॅट या विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर घ्या. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकवर वाचता येते पण मूळ सोयीने तिच्यावर लिहिता येत नाही, आणि कधी मेहुण्यांची मदत घ्यावी लागली तर ही अडचण नको. मग एकेक लेख युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठी मराठीच राहील अशा सर्वमान्य संकेतात, रूपांतरित करून वडिलांकडूनच तपासून घ्या. रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे हमखास घसरतात, आणि त्या चुका लेखकाच्या नजरेला जितक्या पटकन दिसतात तितक्या दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत.

हे काम उरकले की त्या लॅपटॉपवर मिंट खुशाल बसवा. जुनी हार्डडिस्क असेल तर त्याच वेळी एसएसडी लावून घ्या. वडिलांच्या फायली नेमक्या कोणत्या फॉन्टमध्ये आहेत आणि पॅकेजला लॉक आहे की नाही, हे इथे कळवा. श्रीलिपीच्या वेगवेगळ्या फॉन्टमाला वेगवेगळ्या संकेतांत बांधलेल्या आहेत आणि रूपांतरासाठी कोणता पर्याय निवडायचा ते त्यावरच ठरेल.